शिवेपलीकडची गाडी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला पोचली, हे शाळेपासून पाठ असते. नकाशा नीट पाहिला तर मात्र ते ३४ किलोमीटर बेटांवरच सरले, असे दिसते. बोरीबंदर मुंबई बेटावर, तर ठाणे साष्टीच्या पूर्व काठावर. साष्टीही बेटच, तिच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन निघालेल्या त्या १४ डब्यांची चाके मुख्यभूमीला लागलीच नाहीत. खाडी ओलांडून गाडी कल्याणला गेली १ मे १८५४ रोजी. कापसासाठी घाटापलीकडे पोचायचे, हा या मार्गाचा मूळ हेतू. त्याची पहिली पायरी खरे तर त्या दिवशी चढली गेली. हिंदुस्थानातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेचे मूळ म्हणून मी पाण्यात घातलेल्या बांधात शोधतो.

पुरावा एका स्थानकाच्या नावातच आहे. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट तिथे संपे आणि पुढे दलदल, मग साष्टी. ती दलदल पायाखाली घेणारा बांध मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत, १८०५ साली पुरा झाला होता. त्याआधीच वरळीच्या खिंडीतून आत शिरणारी भरती बांधाने अडवली गेली आणि भायखळ्याच्या बाजूची सखल जमीन हळूहळू वापरात आली. खारजमिनीला बांध घालून भात पिकवणे ही या किनाऱ्याची जुनी रीत. रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याच्या हाताखाली रूळ पडले ते अशा कमावलेल्या जमिनीवरून.

यावर कोणी म्हणेल, बेटे आधीच जोडली होती, तर रेल्वे बेटांवरून गेली हे केवळ नावापुरते. शिवाय पाणी ओलांडणे रेल्वेला कुठे नवे? लखनौचेच पाहा. लखनौ–कानपूर मार्ग १८६७ साली सुरू झाला, पण गंगेवरचा रेल्वेपूल १८७५ सालचा; आठ वर्षे रूळ लखनौच्या बाजूच्या काठावरच थांबत. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्यातच फरक दडलेला आहे. गंगा कितीही पसरली तरी तिला दोन काठ आहेत, आणि पूल झाला की प्रश्न मिटतो. बेटांच्या साखळीत काठ कुठे आहे हे भरती-ओहोटी ठरवते. तिथे पुलाच्या आधी जमीनच घडवावी लागते. फ्लोरिडात हेन्री फ्लॅगलरने उघड्या समुद्रातून बेटामागून बेट गाठत १९१२ साली की वेस्टपर्यंत रूळ नेले; १९३५ च्या चक्रीवादळात तो मार्ग उद्ध्वस्त झाला आणि पुन्हा उभा राहिला नाही. मुंबईच्या वाट्याला उथळ, चिखलाच्या खाड्या आल्या, म्हणून इथे भराव पुरला. तोच तिचा आधार आणि तीच तिची अडचण.

पश्चिमेचा मार्ग उलट दिशेने, गुजरातेतून खाली उतरत १८६४ साली मुंबईत आला. भाईंदर आणि नायगावच्या मधोमध, वसईच्या खाडीत पाणजू बेट आहे. गाडी आजही एका पुलाने त्या बेटावर चढते आणि दुसऱ्याने उतरते. आणि मध्य रेल्वेवर जोराचा पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आली, की शीव आणि कुर्ल्याच्या दरम्यान, जुन्या हद्दीच्या त्याच सखल पट्ट्यात, रूळ पाण्याखाली जातात.