सर्चला बंदी असलेला डेटाबेस

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मार्टिन्सबर्ग नावाचं एक छोटं शहर आहे. तिथे ‘नॅशनल ट्रेसिंग सेंटर’ हे सरकारी ऑफिस आहे. देशात कुठेही गुन्ह्यात बंदूक सापडली, की ती दुकानातून पहिल्यांदा कोणी विकत घेतली हे शोधायचं काम या ऑफिसचं. बंद पडलेल्या बंदुकांच्या दुकानांची कागदपत्रं इथे येतात. २०२१ अखेर त्यांची संख्या ९२ कोटींच्या आसपास होती. बहुतेक स्कॅनही झालीत. फक्त त्यात माणसाचं नाव टाकून सर्च करता येत नाही.

तंत्रज्ञान कमी पडतं म्हणून नाही, तर सर्च करता येऊ नये असं कायद्यालाच वाटतं म्हणून.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी क्वेरी दोन सेकंद घेते म्हणून आमच्याकडे तासभर मीटिंग चालते. त्यामुळे मुद्दाम स्लो ठेवलेली सिस्टिम म्हटल्यावर मला राहवलं नाही, आणि मी या भानगडीचा इतिहास वाचत बसलो.

सुरुवात १९६३पासून करू. केनेडींच्या हत्येत वापरलेली रायफल ओस्वाल्डने शिकागोच्या एका दुकानातून पोस्टाने मागवली होती, खोट्या नावाने. पोस्टेजसकट बिल झालं २१ डॉलर ४५ सेंट. ना ओळखपत्र, ना चौकशी. तरी कायदा यायला पाच वर्षं आणि आणखी दोन हत्या लागल्या, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी. १९६८च्या ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’ने पोस्टाने बंदूक मागवणं जवळपास बंद केलं, बंदुकीवर सिरीयल नंबर सक्तीचा केला आणि दुकानदाराला प्रत्येक विक्रीची नोंद ठेवायला लावली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना देशभरातल्या बंदुकांची नोंदणीही हवी होती. ती मात्र काँग्रेसने दिली नाही. (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद. आपली नव्हे!)

म्हणजे नोंदी झाल्या, पण त्या दुकानदाराच्या कपाटात राहिल्या. १९७८मध्ये दुकानदारांनी दर तीन महिन्यांनी विक्रीचा अहवाल पाठवावा, असा प्रस्ताव सरकारी खात्याने आणला. त्यावर इतका गदारोळ झाला की काँग्रेसने या कामासाठी पैसा वापरायलाच मनाई केली. मग १९८६मध्ये रेगन यांच्या सहीने जो कायदा आला, त्यात हे थेटच लिहिलं गेलं: बंदुका, त्यांचे मालक किंवा त्यांचे व्यवहार यांची केंद्रीय नोंदणी करणारी कुठलीही व्यवस्था उभी करायची नाही.

हा निव्वळ बंदूकवाल्या लॉबीचा वेडेपणा आहे, असं वाचताना पहिल्यांदा वाटतं. लॉबीचा जोर होताच. ‘आज यादी, उद्या जप्ती’ हा त्यांचा जुना युक्तिवाद. पण याद्यांची भीती नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९८४मध्ये दिल्लीत शिखांची घरं शोधायला जमावाच्या हातात मतदारयाद्या होत्या. यादी करणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी ती पुढे कोणाच्या हातात पडेल हे त्याच्या हातात नसतं.

आता मार्टिन्सबर्गमध्ये शोध कसा चालतो ते बघा. पोलीस सिरीयल नंबर पाठवतात. कर्मचारी बंदूक बनवणाऱ्या कंपनीला विचारतो, ही कोणाला विकली? कंपनी घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगते, तो दुकानदाराचं. दुकानदार आपल्या वहीत नंबर शोधतो, मग फॉर्म ४४७३ काढून ग्राहकाचं नाव सांगतो. दुकान बंद पडलं असेल, तर त्याच्या परवाना क्रमांकाखाली असलेल्या स्कॅन इमेज उघडायच्या आणि एकेक पान डोळ्यांनी बघत पुढे जायचं. हस्ताक्षर कसंही, काही कागद पाण्याने भिजलेले. तातडीचं प्रकरण असेल तर एका दिवसात निकाल लागतो, नाहीतर आठवडा किंवा जास्त. आणि हाती काय लागतं? पहिला खरेदीदार. त्याने पुढे ती खासगीत विकली असेल, तर बऱ्याच राज्यांत त्याची नोंदच नसते.

गोपनीयतेचं दुसरं टोक त्याच राज्यात, क्लार्क्सबर्गला आहे. १९८१च्या रेगन यांच्यावरच्या हल्ल्यात त्यांचे प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा व्हायला १९९३ उजाडलं. आधी चौकशीचं काम स्थानिक शेरीफांवर टाकलं होतं. केंद्राने आम्हाला असं राबवू नये म्हणून दोन शेरीफ कोर्टात गेले आणि १९९७मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले. पुढच्या वर्षी एफबीआयची कॉम्प्युटरवरची तपासणी सुरू झाली. दुकानदार नाव कळवतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं.

पण ‘हो’ म्हटल्यानंतर त्या नोंदीचं काय करायचं? सुरुवातीला ती सहा महिने ठेवत. ९/११नंतर, अटकेत असलेल्यांपैकी कोणी बंदूक घेतली होती का, हे एफबीआयला या लॉगमध्ये बघायचं होतं. न्याय खात्याने नाही म्हटलं: लॉग फक्त सिस्टिमच्या ऑडिटसाठी आहे. दहशतवादाच्या नावाखाली लोकांचे फोन-ईमेल चाळायला निघालेलं तेच सरकार इथे मात्र थांबलं! पुढे २००४पासून मंजूर व्यवहारातली ओळख पटवणारी माहिती २४ तासांत पुसायची असा नियम झाला. या पुसण्याचा तोटा उघड आहे. मंजुरी चुकून दिली गेली असं आठवड्याने लक्षात आलं, तर हातात फारसं काही उरत नाही.

दुसरी एक तरतूद मला जास्त खटकते. तीन कामकाजी दिवसांत एफबीआयचं उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५मध्ये एका तरुणाच्या अर्जावर ड्रग्जची जुनी केस दिसत होती, पण अटक कोणत्या पोलिसांनी केली याची नोंद चुकली होती. एफबीआयची कर्मचारी माहितीसाठी भलत्याच ऑफिसशी बोलत राहिली, तीन दिवस संपले, बंदूक मिळाली. जूनमध्ये त्याने चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारलं. टाइमआउट झाला तर रिक्वेस्ट पास करायची, असा कोड मी रिव्ह्यूमध्ये कधीच सोडणार नाही. इथे तो कायदा आहे.

आणि तरीही उघड्या याद्यांचा अनुभव काही चांगला नाही. २०१२च्या डिसेंबरमध्ये सँडी हूक शाळेत २० मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यातल्या ‘जर्नल न्यूज’ या दैनिकाने आपल्या भागातल्या पिस्तूल परवानाधारकांची नावं-पत्ते नकाशावर टाकून वेबसाइटवर लावले. कायदेशीर होतं ते, नोंदी सार्वजनिकच होत्या. चिडलेल्या लोकांनी पत्रकारांचेच पत्ते इंटरनेटवर टाकले आणि दैनिकाला ऑफिसबाहेर सशस्त्र पहारा बसवावा लागला. जानेवारीत नकाशा उतरवला गेला, आणि राज्याच्या नव्या कायद्याने परवानाधारकांना आपलं नाव गुप्त ठेवायची मुभा दिली. २०२२च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याने बंदुकांच्या आकडेवारीचा डॅशबोर्ड सुरू केला. आकडेवारीच्या मागचा कच्चा डेटाही कोणालाही डाउनलोड करता येत होता. सुमारे १,९२,००० लोकांची नावं, जन्मतारखा, पत्ते बाहेर गेले. चौकशीत कोणाचा वाईट हेतू निघाला नाही. परमिशनचा घोळ, ज्याला आमच्या धंद्यात सोमवार म्हणतात.

म्हणून मार्टिन्सबर्गचा संथपणा मला पूर्वीइतका हास्यास्पद वाटत नाही. जी यादी जुळवायला माणूस बसवावा लागतो, ती एका क्लिकवर चोरीला जात नाही. पण ही सुरक्षितता कागदाची आहे. त्या इमेजमधला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर आज कोणाच्याही फोनमध्ये असतं. मध्ये उभं आहे ते फक्त १९८६चं एक वाक्य आणि दरवर्षीच्या बजेटमधल्या काही अटी. आणि खुनाचा तपास आठवडाभर अडतो तेव्हा त्याची किंमत ज्या घरात माणूस गेलंय ते घर मोजतं, बंदूकमालक नाही. मालकाची ओळख लपवून तपास जलद करायचे मार्ग निघू शकतात. ते शोधायची राजकीय इच्छा कोणत्याच बाजूला दिसत नाही.

२०२२पर्यंत दुकानदार २० वर्षांपेक्षा जुने कागद नष्ट करू शकत होते. त्या वर्षी नियम बदलला, आणि आता दुकान चालू असेपर्यंत कागद जपून ठेवायचे आणि बंद झालं की सगळे मार्टिन्सबर्गला पाठवायचे. खोकी येतच आहेत, आणि तिथली माणसं एकेक पान स्कॅनरखाली ठेवून त्याचा फोटो काढतायत.