फ्रायक्योर्परकुल्टुर
फ्रायक्योर्परकुल्टुर (शब्दशः अर्थ: मुक्त देह संस्कृती, संक्षेप: एफकेके) ही जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदयास आलेली सामाजिक चळवळ आहे. स्नान, व्यायाम, खेळ व सूर्यस्नान सामूहिकरीत्या आणि विवस्त्र अवस्थेत करणे हे आरोग्यदायी व नैसर्गिक आहे, असे तिचे प्रतिपादन आहे. नग्नता आणि लैंगिकता या भिन्न गोष्टी असल्याचे या चळवळीने सातत्याने मांडले. साहित्यातील निसर्गवादाशी तिचा संबंध नाही.

== उगम ==
औद्योगिकीकरणामुळे जर्मन शहरांत दाट वस्ती, धूर आणि क्षयरोग वाढले. त्यावरील प्रतिक्रिया म्हणून 'लेबेन्सरेफॉर्म' (जीवनसुधारणा) चळवळ निर्माण झाली. शाकाहार, निसर्गोपचार, मद्यवर्जन व सैल पोशाख यांच्याबरोबर हवा व प्रकाश यांचे स्नान हाही तिचा भाग होता. चित्रकार कार्ल विल्हेल्म डीफेनबाख यांना १८८८ मध्ये म्युनिकजवळ नग्नतेच्या कारणावरून शिक्षा झाली. त्यांचे शिष्य ह्यूगो ह्योपेनर हे 'फिडुस' या नावाने प्रसिद्धीस आले. त्यांची चित्रे पुढे या चळवळीची ओळख बनली. १९०३ मध्ये ल्यूबेकजवळील क्लिंगबेर्ग येथे पाउल त्सिमरमान यांनी या उद्देशाने उद्यान सुरू केले.

प्रारंभीच्या प्रचारकांमध्ये हाइनरिख पुडोर व रिखार्ड उंगेविटर हे प्रमुख होते. मात्र दोघांच्याही लेखनात वंशश्रेष्ठत्वाचे विचार आढळतात आणि पुडोर हे उघडपणे ज्यूविरोधी होते. त्यामुळे ही चळवळ आरंभापासूनच एकाच विचारसरणीची नव्हती.

== नियतकालिके ==
विखुरलेल्या अनुयायांना जोडण्याचे काम प्रामुख्याने नियतकालिकांनी केले. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल फान्झेलोव यांनी 'डी श्योनहाइट' (सौंदर्य) हे मासिक सुरू केले. कला, आरोग्य व शरीरसौंदर्य हे त्याचे विषय होते. पहिल्या महायुद्धानंतर अशा मासिकांची संख्या वाढली. 'लाखेंडेस लेबेन' (हसरे जीवन) हे त्यांपैकी एक होय. आरोग्यविषयक लेखांसोबत छायाचित्रे हे या मासिकांचे मुख्य आकर्षण असे. चळवळीत सहभागी नसलेले वाचकही ती विकत घेत. चळवळीचे मुखपत्र आणि केवळ नग्नचित्रांवर चालणारा व्यवसाय यांतील सीमारेषा त्यामुळे पुसट झाली व हा वाद पुढेही टिकून राहिला. तरुणांना 'हीन व अश्लील' साहित्यापासून वाचवण्यासाठी १९२६ मध्ये कायदा झाला आणि नग्नसंस्कृतीची मासिकेही त्याच्या कक्षेत आली.

== वायमार काळ ==
बर्लिनमधील समाजवादी शिक्षक आडोल्फ कोख यांनी श्रमिक कुटुंबांसाठी विवस्त्र व्यायामाची शाळा चालवली. १९२९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हान्स झुरेन यांचे 'डेर मेन्श उंड डी झोने' (मानव आणि सूर्य, १९२४) हे पुस्तक अतिशय लोकप्रिय ठरले. झुरेन पुढे नाझी विचारांकडे वळले.

== नाझी राजवट ==
३ मार्च १९३३ रोजी प्रशियाच्या गृहखात्याचा कारभार पाहणारे हेर्मान ग्योरिंग यांनी नग्नसंस्कृतीविरोधी आदेश काढला. समाजवादी संघटना बंद पडल्या. उरलेल्या गटांनी वांशिक आरोग्याची परिभाषा स्वीकारून शासनमान्य संघटनेत स्थान मिळवले. 'डॉइचे लाइबेसत्सुख्ट' हे त्यांचे मासिक होते. १९४२ च्या पोलीस नियमावलीने इतरांच्या दृष्टीस न पडणाऱ्या जागी विवस्त्र स्नानास मुभा दिली.

== युद्धोत्तर काळ ==
पश्चिम जर्मनीत १९४९ मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. मात्र युवकांना घातक साहित्याविषयीच्या १९५३ च्या कायद्यात, चित्रांद्वारे नग्नसंस्कृतीचा प्रचार करणाऱ्या प्रकाशनांवर सरसकट निर्बंध होते. प्रत्येक अंकाची स्वतंत्र तपासणी आवश्यक नव्हती. 'झोनेनफ्रॉइंडे' (सूर्यमित्र) या मासिकाशी संबंधित प्रकरणात संघीय घटनात्मक न्यायालयाने २३ मार्च १९७१ रोजी ही तरतूद रद्द ठरवली. असा सरसकट निर्बंध अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत असल्याचे न्यायालयाने म्हटले. अन्य घातक साहित्यावरील नियम मात्र कायम राहिले.

पूर्व जर्मनीत स्वतंत्र संघटनांना परवानगी नव्हती. १९५४ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर बंदीचा प्रयत्न झाला. परंतु १९५६ च्या आदेशाने निश्चित ठिकाणी विवस्त्र स्नानास मान्यता मिळाली. पुढे ही प्रथा तेथील सामान्य कुटुंबांच्या सुट्टीचा भाग बनली. म्हणजेच पश्चिमेत संघटना व मासिके, तर पूर्वेत समुद्रकिनारे हे चळवळीचे मुख्य आधार राहिले.

== महाराष्ट्राशी संबंध ==
ब्रिटिश काळात १८९१ मध्ये ठाणे येथे न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी एक छोटा नग्नतावादी गट स्थापन केला होता. हा गट जर्मन चळवळीपासून स्वतंत्र होता. मराठीत र. धों. कर्वे यांनी आपल्या 'समाजस्वास्थ्य' (१९२७–१९५३) मासिकातून नग्नतावादाचे समर्थन केले. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रे छापली जात. मासिकातील मजकुरावरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली.