शिक्कामोर्तब ते ‘फॉरवर्डेड’: विश्वासाच्या खुणांचा इतिहास

शिवकाळात राजपत्राचा खरेपणा कागदावरच सिद्ध करावा लागे. माथ्याशी शिक्का, आणि मजकूर संपताच मोर्तब. म्हणजे त्याखाली कोणी चार ओळी घुसडू नयेत. अक्षर बहुधा कारकुनाचे असे. भरवसा अक्षरावर नव्हे, या खुणांवर ठेवला जाई. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मराठीत राहिला. खूण मात्र गेली.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराला ना शिक्का, ना मोर्तब. तो धाडणारा मामा असतो, शेजारी असतो, आणि तेवढे पुरते. मूळ लिहिणारा कोण, हे कोणी विचारत नाही. पुढे पाठवणे हीच विश्वासाची खूण ठरली. खरे तर त्यात विश्वासाइतकीच काळजीही असते: खोटे असले तरी आपली माणसे सावध राहिलेली बरी.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ची पट्टी आणली आणि भारतात एका वेळी ५ चॅटची मर्यादा घातली. वेग कमी झाला. पण ही पट्टी म्हणजे उलटे मोर्तब! मजकूर पाठवणाऱ्याचा नाही, एवढेच ती सांगते. कोणाचा, हे सांगत नाही.

७ एप्रिल २०२०: वारंवार पुढे गेलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटला, असा नवा नियम आला. त्या वेळी देशभर टाळेबंदी होती. पालघर जिल्ह्यात बेटेगाव-बोईसरची औद्योगिक पट्टी रेल्वेलगत, तर डहाणू तालुक्यातील गडचिंचले दूर पूर्वेला, दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळ. मुले पळवणारे, अवयव काढणारे रात्री हिंडतात, या अफवेने त्या भागातील गावकरी पहारे देत होते. मदतीसाठी गेलेल्या एका डॉक्टरांवरही हल्ला झाला होता. १६ एप्रिलच्या रात्री सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले २ साधू आणि त्यांचा चालक गडचिंचल्यात जमावाच्या हाती सापडले. पोलीस समोर होते. राज्याचा शिक्का अंगावर वागवणाऱ्या त्या गणवेशालाही जमावाने जुमानले नाही. तिघेही मारले गेले.

मग या हत्येविषयीच दुसरी अफवा उठली, धार्मिक रंगाची. अखेर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतील १०१ जणांची नावे समाजमाध्यमावर जाहीर केली आणि त्यांत एकही मुस्लिम नसल्याचे सांगितले.