सुरा, किण्व आणि जलोगी

पंचशीलातील पाचव्या शीलात ‘सुरा’, ‘मेरय’ आणि ‘मज्ज’ हे तीन शब्द येतात. आपण ते नित्य उच्चारतो. परंतु त्यांचा नेमका अर्थ पाहण्याचे श्रम क्वचितच घेतो. त्यामुळेच ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हा युक्तिवाद आपल्या घरांतही ऐकू येतो. विनयपिटकाने अशा युक्तिवादाचा विचार फार पूर्वीच केलेला आहे.

भिक्खूंसाठी असलेला पाचित्तिय ५१ हा नियम कोसंबीच्या प्रसंगातून निर्माण झाला. अंबतित्थ येथील नागाचे दमन करणाऱ्या सागत स्थविरांची कीर्ती तेथे पसरली होती. भिक्खूंना दुर्मिळ असे काय अर्पण करावे, असे उपासकांनी विचारले, तेव्हा छब्बग्गिय भिक्खूंनी ‘कापोतिका’ ही निवळ सुरा सुचविली. उपासकांनी ती घरोघरी सिद्ध ठेवली. भिक्षाटनात ती घरोघरी पिऊन सागत नगरद्वारी कोसळले. नागाला जिंकणारा हा भिक्खू आता पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय, असे तथागतांनी विचारले. येथे विटाळाची भाषा नाही. माणसाचे भान आणि सामर्थ्य हरपते, हेच निषेधाचे कारण आहे. ‘पमादट्ठान’ या शब्दाचा आशय तोच होय.

या नियमाच्या विवरणात सुरेचे पाच प्रकार दिले आहेत : पिठाची, पुव्यांची, भाताची, किण्व घातलेली आणि अनेक द्रव्ये मिसळलेली. फुले, फळे, मध, गूळ यांच्या आसवांना ‘मेरय’ म्हटले आहे. धान्य आंबवून केलेले पेय तेथे सुरेतच मोडते. मोड आणलेल्या जवापासून होणारी बिअर याच जातीची आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मेदक’ या सुरेचे प्रमाण असे आहे : पाणी १ द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व ३ प्रस्थ. तेथेच कुटुंबवत्सल गृहस्थांना घरगुती कार्यप्रसंगी श्वेतसुरा करण्याची मुभा आहे. म्हणजे घरी सुरा गाळणे त्या समाजाला अपरिचित नव्हते. शीलाचा उपदेश अशाच समाजाला झाला होता.

महापरिनिर्वाणानंतर सुमारे १०० वर्षांनी वेसालीच्या वज्जिपुत्तक भिक्खूंनी दहा सवलती मागितल्या. त्यांपैकी ‘जलोगी’ म्हणजे पूर्ण न आंबलेली, मद्यत्वास न पोहोचलेली सुरा पिण्याची मोकळीक. ७०० भिक्खूंच्या संगीतीत रेवत स्थविरांनी प्रश्न केला आणि सब्बकामी स्थविरांनी कोसंबीच्याच नियमाचा आधार देऊन ही सवलत नाकारली.

आंबण्याची क्रिया पाहिली असता या निर्णयाची दूरदृष्टी कळते. यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते आणि कर्बवायू सोडते. ही क्रिया हळूहळू होते. पेय मद्य झाल्याचा क्षण डोळ्यांना दिसत नाही. घरी बिअर बनविणारे बाटली बंद करताना थोडी साखर घालतात, ती एवढ्याचसाठी की आंबणे आत चालू राहावे आणि वायू कोंडला जावा. अशा पेयाबाबत ‘अजून मद्य झालेले नाही’ ही सीमा पिणाऱ्याने ठरवायची, तर ती रोज पुढे सरकेल.

विनय अंधनिषेध करीत नाही. औषधी तेलात मद्य घालण्यास, मद्याचा रंग, गंध व चव जाणवणार नाही इतक्या मर्यादेत, तथागतांनी अनुमती दिली होती. प्रश्न पदार्थाचा नसून प्रमादाचा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. नव्या नावाची, सौम्य म्हणविणारी बाटली पुढे आली, की आपण वेसालीतील तो प्रश्न आठवावा. त्याचे उत्तरही तेथेच मिळेल.