वैल

ज्या काळी मातीची चूल हेच महाराष्ट्रातील गृहकारभाराचे केंद्र होते, त्या काळी चुलीच्या कडेस, तिच्याच मातीतून घडविलेले आणि आतल्या आत एका तिरक्या बोळाने तिच्याशी जोडलेले जे दुसरे लहान तोंड असे, त्यास वैल म्हणत. वैलाखाली स्वतंत्र जाळ कधी घालीत नसत. मुख्य भांड्याचे बूड चाटून जी ज्वाळा पुढे निघे आणि एरवी धुराबरोबर कौलांच्या फटींतून निघून जाती, तिला या बोळातून वळवून घ्यावे आणि तिच्या अंगी जी ऊब शिल्लक असेल तीवर दुसरा जिन्नस सिद्ध करावा, एवढ्यासाठीच त्याची योजना.

माझ्या आजीच्या चुलीवर भाकरीचा तवा चढला की दुधाचे पातेले वैलावर जाई, आणि तेथील मंद आचेवर ते उतू न जाता तापत राहून त्यावर जाड, किंचित तांबूस साय धरे. शेवटची भाकरी उतरली की त्याच जागी पाण्याची तपेली येई. आणि रात्री उरलेले निखारे राखेत पुरून ठेवले म्हणजे सकाळी त्यांवरच नवा जाळ फुले. चुलीमागच्या भानवशीवर मिठाचा सट असे, तो तेथल्या उबेमुळे श्रावणातही ओलावत नसे. लाकडाच्या एका ढलपीचा एवढ्या टप्प्यांनी हिशेब घेणारी ही व्यवस्था ज्या स्त्रियांनी हातांनी माती लिंपून सिद्ध केली, त्यांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही; परंतु ती केवळ सवयीने घडली असे मला वाटत नाही, कारण बोळाचा उतार आणि तोंडाची रुंदी बोटभर चुकली तरी धूर उलटा फिरतो, हे चूल घालणारीस पक्के ठाऊक असे.

याच देशी गुऱ्हाळाची रीत मात्र उधळी होती. एकच विस्तीर्ण काहील, खाली चुलवण, आणि चुलवणात अखंड पडणारे चिपाड. उसाच्या रसात बहुतांश पाणीच असते, आणि 1 किलो पाणी 20 अंशांवरून उकळीस आणण्यास जेथे 80 किलोकॅलरी पुरतात, तेथे त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे 540 लागतात. ही सारी दौलत पांढऱ्या लोटांच्या रूपाने गुऱ्हाळाच्या छपरावरून आकाशात जाई, आणि त्या गोड वासाने आम्हा मुलांना कोसावरून ओढून आणी.

अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका जाळावर ओळीने कढया मांडण्याची पद्धत होती, म्हणजे ज्वाळेपुरता वैल तेथे होता. वाफेला मात्र नव्हता. गुलाम मजूर लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतीत, आणि त्यात त्यांची अंगे भाजत. नॉर्बर्ट रिलिए याचा जन्म 1806 साली न्यू ऑर्लीन्स येथे झाला. पिता श्वेतवर्णीय, माता कृष्णवर्णीय वंशातील स्वतंत्र स्त्री. पॅरिसच्या एकोल सांत्रालमध्ये शिकून आणि तेथेच अध्यापन करून परतलेल्या या अभियंत्याने ओळखले की रसातून निघालेली वाफ हीच पुढच्या भांड्याचे सरपण होय. बंद भांड्यांतील दाब क्रमाने उतरवीत नेला, तर पुढचा रस अधिक कमी उष्णतामानावर उकळतो, आणि म्हणून मागच्या भांड्याची वाफ त्यास उकळविण्यास समर्थ ठरते. अशी तीन भांडी जोडली म्हणजे 1 किलो वाफेवर जवळजवळ 3 किलो पाणी उडविता येते. 1843 आणि 1846 साली त्याने या यंत्राचे हक्क नोंदविले, आणि जगभरच्या साखरधंद्याने ते तत्त्व उचलले. ज्या समाजात मुक्त असूनही त्वचेच्या वर्णामुळे त्यास बरोबरीचे स्थान नाकारले गेले, त्या समाजाच्या धनिकांची भरभराट त्याच्या बुद्धीवर झाली. अखेर तो पॅरिसला परतला आणि 1894 साली तेथेच निवर्तला. ही गोष्ट वाचताना मला प्रत्येक वेळी मनापासून हळहळ वाटते.

त्याच्या तत्त्वाचे वारस आपल्याकडेही आहेत. विठ्ठलराव विखे पाटील यांची चिकाटी आणि धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून प्रवरेकाठी लोणी येथे 1950 साली जो सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्या परंपरेतील कोणत्याही कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये जा. ओळीने उभी भांडी, प्रत्येकाच्या काचेच्या खिडकीतून आत खदखदणारा रस, आणि एकाची वाफ दुसऱ्याकडे नेणारे जाड नळ दिसतील. वाफेची ही काटकसर नसती, तर चिपाडावरच बॉयलर चालविणे जड गेले असते.

आता काही सुधारित गुऱ्हाळांतही धुराड्याच्या वाटेवर दुसरी काहील बसवितात. तिच्याखाली वेगळे चिपाड पडत नाही. मोठ्या काहिलीखालून निघालेल्या गरम धुरानेच तिच्यातला रस तापून राहतो आणि वेळ आली की मोठीत सोडला जातो. अशा एका गुऱ्हाळात मी त्या काहिलीजवळ उभा असताना गुळव्याने रसावर हात धरून ऊब अजमावली. आजी दुधाच्या पातेल्यावर धरीत असे तसाच, तळवा खाली आणि बोटे जरा उघडी.