विद्यावेतन, शुल्क आणि मानधन : अध्यापक-पदवीच्या हिशेबाचा इतिहास

एखाद्या व्यवसायाची समाजात कोणती किंमत केली जाते, हे त्या व्यवसायाच्या वेतनावरून कळते, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अपुरे आहे. त्या व्यवसायाच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसला, आणि तो खर्च भरून निघेल याची हमी कोणी दिली, हे पाहिल्यावाचून किंमत पुरती कळत नाही. महाराष्ट्रातील शिक्षकाच्या बाबतीत हा इतिहास तीन शब्दांत साठलेला आहे. शिकत असता उमेदवारास जे मिळते ते विद्यावेतन. शिकण्यासाठी त्यास जे द्यावे लागते ते शुल्क. आणि पूर्ण वेळ काम करूनही जे वेतन या नावाने मिळत नाही ते मानधन. हे शब्द ज्या क्रमाने शिक्षकाच्या जीवनात शिरले, तो क्रमच येथे तपासावयाचा आहे.

मुंबईत शिक्षक तयार करण्यासाठी सरकारी नॉर्मल वर्ग सुरू झाला तो १८४५ साली. त्याची सूत्रे प्रथम बाळशास्त्री जांभेकरांकडे आणि १८४६ मधील त्यांच्या निधनानंतर दादोबा पांडुरंगांकडे आली. दोघेही मराठी व्याकरणाचे कर्ते होते, हा केवळ योगायोग नव्हे. मराठी शाळांसाठी प्रमाण भाषेत शिकवू शकणारा वर्गच अद्याप अस्तित्वात नव्हता. तो घडविणे हे राज्ययंत्रणेचे स्वतःचे निकडीचे काम होते. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाकडे होते, यावरूनही या कामास दिलेले महत्त्व ध्यानात येते. शिक्षकाची गरज प्रथम सरकारला होती. शिक्षक होण्याची गरज उमेदवारास नंतर उत्पन्न झाली. खर्चाचा भार प्रथम कोणी उचलला, याचे कारण या एका गोष्टीत आहे.

या व्यवस्थेचे तत्त्व १८५४ च्या वुडच्या खलित्यात नमूद झाले. इंग्लंडमध्ये के-शटलवर्थ यांनी १८४६ साली शिष्य-शिक्षकांची पद्धती घातली होती. तेरा वर्षांच्या मुलास पाच वर्षांच्या उमेदवारीवर घ्यावयाचे, त्यास पहिल्या वर्षी दहा पौंड आणि वाढत जाऊन अखेरीस वीस पौंड द्यावयाचे, आणि पात्र ठरल्यास शिष्यवृत्ती देऊन नॉर्मल स्कूलमध्ये पाठवावयाचे, अशी ती रचना होती. खलित्याने हीच पद्धती हिंदुस्थानास लागू करण्याची सूचना केली. त्या सूचनेचे चार भाग होते : निवडलेल्या विद्यार्थ्यास विद्यावेतन, नंतर नॉर्मल स्कूल, शिक्षण संपल्यावर प्रमाणपत्र, आणि नेमणूक झाल्यावर पुरेसे वेतन. विद्यावेतन आणि वेतन ही येथे एकाच साखळीची दोन टोके आहेत. उमेदवाराने आपली वर्षे द्यावीत आणि राज्याने त्या वर्षांचा निर्वाह व पुढील चरितार्थ या दोहोंची जबाबदारी घ्यावी, असा तो अलिखित करार होता.

या कराराचे दुसरे टोक प्रारंभापासूनच कमकुवत होते, याचा पुरावा महात्मा जोतीराव फुले यांच्या निवेदनात मिळतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, तो शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, आणि त्याचे वेतन बारा रुपयांपेक्षा कमी नसावे, मोठ्या गावी ते पंधरा ते वीस रुपये असावे, अशी मागणी केली. प्रशिक्षण आणि वेतन यांचा उल्लेख एकाच ओघात होतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या घरात शिलकीचा पैसा नाही त्या घरातील मुलगा शिक्षक व्हावा असे वाटत असेल, तर शिकण्याचा काळ आणि शिकवण्याचा काळ, दोन्ही त्यास परवडले पाहिजेत, असा त्या मागणीचा निष्कर्ष निघतो.

स्वातंत्र्यानंतर हेच तत्त्व अधिक स्पष्ट शब्दांत मांडले गेले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने प्रशिक्षण महाविद्यालयांत शुल्क घेऊ नये, सर्व छात्राध्यापकांना राज्याने योग्य विद्यावेतन द्यावे, आणि जे आधीच सेवेत आहेत त्यांना प्रशिक्षणकाळात चालू पगार मिळत राहावा, अशी शिफारस केली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही प्रशिक्षण संस्थांतील शिक्षणशुल्क रद्द करण्यास सांगितले. मात्र विद्यावेतनाच्या जोडीला कर्जाचीही उदार तरतूद असावी, असे म्हटले. कर्ज हा शब्द येथे शुल्कमुक्त शिक्षणाच्या सोबतीस आलेला आहे. आयोगाच्या कल्पनेतील कर्ज हे निर्वाहास टेकू देणारे होते. शुल्क फेडण्याचे साधन म्हणून ते सुचविलेले नव्हते.

पुढील काळात घडले ते मात्र याच्या उलट. १९८३ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक शिक्षणासाठी विनाअनुदानित महाविद्यालयांचे धोरण आले. पुढे या धर्तीवर डी.एड. व बी.एड. च्या खाजगी संस्थाही मोठ्या संख्येने निघाल्या. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ साली झाला आणि १९९५ साली अमलात आला. तरी ही वाढ आवरली नाही. महाराष्ट्रातील २९१ पदविका संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यातून नेमल्या गेलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगास २०१२ साली त्यांतील बहुसंख्य संस्था मान्यतेस अपात्र आढळल्या. विनाअनुदानित संस्थेचा खर्च चालतो तो शुल्कावर. म्हणजे शिक्षक तयार करण्याचा खर्च आता शिक्षक होऊ पाहणाऱ्याच्या घरावर आला. २००१ साली बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना निघाली आणि चार लाख रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळण्याची सोय झाली. तिने हा भार हलका केला नाही. तो पुढच्या वर्षांवर ढकलला, एवढेच.

साखळीचे दुसरे टोकही याच सुमारास सुटले. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. तीनुसार नवनियुक्त शिक्षकास पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी न देता ठराविक मानधन देण्यात येऊ लागले. मराठीत मानधन हा शब्द ज्याचा चरितार्थ त्या कामावर अवलंबून नाही अशा व्याख्यात्यास किंवा परीक्षकास आदरपूर्वक दिल्या जाणाऱ्या रकमेसाठी रूढ आहे. ज्याचा चरितार्थ केवळ त्याच कामावर आहे त्याच्या बाबतीत हा शब्द योजल्याने ‘मान’ वाढला नाही आणि ‘धन’ मात्र कमी झाले. २०२२ च्या अखेरपर्यंत हे मानधन प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक स्तरांवर अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० रुपये होते. २०२३ साली ते १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये करण्यात आले.

या दोन बदलांचा एकत्र परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आकडे हिशेबापुरते गृहीत धरलेले आहेत. दोन वर्षांच्या बी.एड. साठी दरवर्षी पन्नास हजार रुपये कर्ज घेतले, व्याज दरसाल दर शेकडा दहा, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होणार. तोपर्यंतच्या सरळ व्याजाने एक लाखाचे सव्वा लाख होतात. ते पाच वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे २,६५० रुपये पडतो. ८,००० रुपये मानधन घेणाऱ्या माध्यमिक शिक्षणसेवकाच्या प्राप्तीचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा होय. १८,००० रुपये मानधनावर तो सातव्या हिश्श्याच्या आसपास येतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३८,६०० रुपये मूळ वेतन मिळणाऱ्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाच्या बाबतीत तो चौदाव्या हिश्श्याएवढाच राहतो. कर्ज तेच, पदवी तीच, वर्गात उभे राहण्याचे कामही तेच. बदलले ते केवळ प्राप्तीचे नाव. तेव्हा पदवीचे कर्ज जड की हलके, हे कर्जाच्या रकमेवरून ठरत नाही.

ते वेतनाच्या तारखेवरूनही ठरते. मे २०१२ मध्ये राज्यात नवीन शिक्षकभरती थांबविण्यात आली. त्यानंतर पवित्र प्रणालीद्वारे भरती करण्यासाठी पहिली अभियोग्यता चाचणी झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या साडेपाच वर्षांत पदव्या मिळत राहिल्या. सवलतीची मुदत संपली की हप्ता सुरू होतो, नेमणूक झालेली असो वा नसो. २०१५ पासून बी.एड. एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले. शैक्षणिक दृष्ट्या त्याची कारणे सबळ असली, तरी कमाईविना जाणारे आणखी एक वर्ष उमेदवाराच्याच खात्यावर पडले. पदवीचे क्षेत्रही स्थिर राहिले नाही. २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. धारकास पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्र ठरविले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पात्रता अमान्य केली. लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र वेगळे आहे, हे न्यायालयाचे मत योग्यच आहे. तथापि मधल्या पाच वर्षांत त्या अधिसूचनेवर विसंबून ज्यांनी शुल्क भरले, त्यांचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. अनुसूचित जातींसाठी १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि नंतरच्या शुल्क-प्रतिपूर्तीच्या योजना यांनी अनेक घरांतील पहिला शिक्षक घडविला आहे. नियमित वेतनश्रेणी एकदा मिळाली की शिक्षकाची प्राप्ती ग्रामीण भागातील इतर बहुतेक नोकऱ्यांहून स्थिर असते. पदवी तोट्याची आहे असा सरसकट निष्कर्ष म्हणून काढता येत नाही. निष्कर्ष निघतो तो इतकाच की, पूर्वी जी जोखीम राज्य वाहत असे ती आता उमेदवार वाहतो, आणि ज्याच्या घरी जोखीम सोसण्याची ऐपत कमी त्याला ती अधिक महाग पडते. फुल्यांना ज्या घरांतून शिक्षक यावेत असे वाटत होते, नेमकी तीच ही घरे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता ठरविण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याने तीन वर्षांची पदवी व दोन वर्षांचे बी.एड. यांपेक्षा एक वर्ष वाचेल, आणि ही बचत लहान नाही. परंतु बारावीनंतरच्या मुलास वयाच्या अठराव्या वर्षी एकाच व्यवसायाशी बांधून घ्यावयाचे असेल, तर बांधणाऱ्याकडेही काही बंधन येते. १८५४ च्या खलित्याने ते बंधन एका वाक्यात, एका श्वासात मान्य केले होते : शिकताना विद्यावेतन आणि शिकविताना पुरेसे वेतन. शुल्क आणि मानधन हे शब्द त्या वाक्यात नव्हते.