कापूसतळणीचं स्टेशन

गावाच्या नावातच कापूस. मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरचं हे छोटं स्टेशन, म्हणजे आपल्या ‘शकुंतला’चं. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी किलिक निक्सन कंपनीने आणली ती काही वऱ्हाडी माणसाच्या सोयीसाठी नव्हे. इथला कापूस मूर्तिजापूरला जायचा, तिथे मोठ्या रुळांवरच्या डब्यांत चढायचा, मग मुंबई, मग विलायत. गंमत बघा, १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन ‘शकुंतला’ला मिळालं आणि ते थेट १५ एप्रिल १९९४पर्यंत धावलं!

पण गावांनी गाडी आपली करून टाकली. पावसाळ्यात काळी माती पायातली चप्पल ओढून घेते. तेव्हा रूळ हाच रस्ता. पुढे कर्मचारी घटले, तर गार्डच तिकिटं विकायचा आणि उतरून फाटकंही लावायचा.

देशातल्या बाकी रेल्वे सरकारी झाल्या, ही लाइन मात्र कंपनीकडेच राहिली. गाडी चालवणार सरकार, मालकी दुसऱ्याची. मग रूळ दुरुस्त करायचे कोणी? वेग कमी होत गेला, शेवटी गाडीच थांबली. एसटीपेक्षा स्वस्त म्हणून हिच्यातून जाणाऱ्या मजूर बायांना आता काळीपिवळीचं भाडं मोजावं लागतं.